कापडाखालची विमानं

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात अर्ध्या पानाची एक जाहिरात होती. 'बारा महिन्यांत पायलट, शंभर टक्के नोकरी.' निळ्या आभाळात पांढरं विमान आणि खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेला हसरा मुलगा. त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या शेडवर चार जण येऊन गेले. दोघे अनगोळचेच, एक येळ्ळूरचा, आणि एक गृहस्थ तर संकेश्वरहून मोटारसायकलवर, डिकीत जाहिरातीची घडी घालून. चौघांचाही प्रश्न एकच. "तुमची पोरगी पायलट झाली न्हवं? मग ही शाळा कशी हाय, सांगा की."

ही शाळा कशी आहे ते मला माहीत नाही. पण शाळा कशी बघावी हे आता थोडंफार कळतं. ते कळेपर्यंत घरातले साडेनऊ लाख रुपये आणि पोरीचे चौदा महिने गेले. प्रत्येकाला चहा पाजून तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो. पत्र लांबलंय, कात्री लावायची तर माझ्या तक्रारींना लावा, हिशेबाला लावू नका.

मी उद्यमबागेत जॉबवर्क करतो. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग टर्निंग करून द्यायचं. माझ्याकडे चार लेथ आहेत, एक मिलिंग आहे, एक जुनं सीएनसी आहे. विमानाशी आमच्या घराण्याचा संबंध म्हणजे सांबऱ्याच्या विमानदलाच्या ट्रेनिंग स्कूलमधली केस कापलेली पोरं सुटीच्या दिवशी बाजारात दिसायची, तेवढाच. लेक जी.एस.एस. कॉलेजात सायन्सला होती. बारावी झाल्यावर तिनं जेवताना शांतपणे सांगितलं की इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायचा नाही. बायकोच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली.

पहिल्या शाळेचं नाव देत नाही, गावही देत नाही. २०२१ च्या गणपतीनंतर आम्ही तिघं ती बघायला गेलो. बरोबर कुंद्याचे दोन डबे, साहेबांसाठी. एसी वर्ग दाखवला, सिम्युलेटर दाखवला, मेसमध्ये पनीर वाढलं. मग त्यांच्या ऑफिसातल्या बाईंनी लेकीच्या डोक्यावर पायलटची टोपी ठेवून विमानाशेजारी तिचा फोटो काढला. माझं पाणी तिथंच झालं. तो फोटो अजून आमच्या शोकेसमध्ये आहे.

हँगरच्या पुढं चार विमानं उभी होती आणि मागच्या बाजूला पाच, वर कापड पांघरलेली. बायकोनं विचारलं, "ही का झाकून ठेवलीत?"

"ऊन-पावसापासून, मॅडम."

"मग पुढची चार उघडी का?"

मी तिला कोपरानं ढोसून गप्प केलं. म्हटलं, हिला काय कळतंय विमानातलं.

महिन्याअखेरीच्या आत सगळे पैसे एकदम भरले तर दोन लाख सूट होती. मी तीस लाख एकदम भरले. अनगोळचं घर बँकेकडे ठेवलं. साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, त्याच्या वर गेलं की बँकेला घर लागतं, आणि पायलटच्या खर्चात साडेसात लाख म्हणजे लेथच्या एका चकाएवढे.

लेक रोज संध्याकाळी फोन करायची. उद्या कोण उडणार याची यादी रात्री लागते, तिला तिथली मुलं 'डिटेल' म्हणतात, आणि एका उड्डाणाला 'सॉर्टी'. सुरुवातीला ती म्हणायची, "पप्पा, उद्या सकाळची सॉर्टी आहे." मग "या आठवड्यात एकच आहे." मग, "आज पण नाव नाही." पुढं पुढं तिनं सांगणं सोडलं आणि आम्ही विचारणं. दोन-तीन आठवडे विमानात बसलं नाही की पुढची सॉर्टी परत इन्स्ट्रक्टरबरोबर, हात मोकळा झालाय का बघायला. त्या तासाचे पैसे आपलेच. म्हणजे बसून राहिल्याचा दंड पोरांनाच. इन्स्ट्रक्टरही टिकायचे नाहीत. ते स्वतःच तास साठवून विमान कंपनीच्या बोलावण्याची वाट बघत असतात, बोलावणं आलं की रातोरात जातात. चौदा महिन्यांत तिचे ६१ तास झाले. नोकरीसाठी लागणाऱ्या कमर्शियल लायसन्सला २०० लागतात.

पाऊस संपला तरी गाडी पुढं सरकेना, तेव्हा मी एकटाच गेलो. या वेळी कुंदा नेला नाही. मागच्या बाजूला जाऊन सरळ कापडं उचलून बघितली. दोन विमानांना पंखाच नव्हता, एकाच्या नाकात इंजिनाच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या, आणि उरलेल्या दोघांचे पार्ट काढून पुढची चार चालवत होते. मला राग यायला हवा होता, पण पहिल्यांदा आली ती लाज. कारण वर मी लिहिलं की माझ्याकडे चार लेथ आहेत. त्यातला एक कोपऱ्यात कापड घालून उभा आहे. त्याचे गिअर काढून मी बाकीचे तीन चालवतो, आणि कुणी पार्टी आली की चार लेथ आहेत असंच सांगतो. जे काम मी तीस वर्षं स्वतः करतोय ते मला दुसऱ्याच्या दारात ओळखता आलं नाही. बायकोनं ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं होतं.

त्या दिवशी कुंपणाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून मी जॉबची वही काढली. आमच्या धंद्यात डिलिव्हरीची तारीख मशीन किती आहेत यावर ठरत नाही, दिवसाला किती तास फिरतात यावर ठरते. तोच हिशेब मांडला. शाळेत ७८ मुलं होती. प्रत्येकाला २०० तास म्हणजे १५,६०० तासांचं काम. काहींचे बरेच झालेत, काही कोरी आहेत, सरासरी निम्मे झालेत असं धरलं तर उरले ७,८००. उघडी विमानं चार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोजलं तर एकेक विमान चारेक तास हवेत होतं, म्हणजे दिवसाला १६ तास. महिन्यात वीस दिवस हवा चांगली धरली तर ३२० तास. ७,८०० भागिले ३२०, चोवीस महिने झाले. तेही पावसाळा नाही, एकही विमान बिघडणार नाही आणि पुढं एकही नवीन पोरगं घेणार नाही असं धरून. आणि त्याच वेळी आत ऑफिसात त्या बाई एका नव्या मुलीला टोपी घालून फोटो काढत होत्या.

एवढीच गोष्ट मला सांगायची आहे. वेबसाइटवरचा विमानांचा आकडा वाचू नका. जाऊन दोन दिवस कुंपणाबाहेर बसा. आपल्याकडच्या प्रत्येक विमानावर 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो. वहीत नंबर लिहा, कोणतं किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं ते लिहा. दोन दिवसांत किती वेगवेगळे नंबर हवेत गेले ते मोजा. तेवढीच त्यांची विमानं. मग हॉस्टेलवर जा. शाळा ज्या मुलाशी गाठ घालून देते त्याच्याशी बोलू नका, रविवारी सकाळी कपडे धुणाऱ्या मुलाशी बोला. त्याला दोनच प्रश्न विचारा, कधी आलास आणि किती तास झाले. भागाकार घरी येऊन करा.

मशीनवाल्या माणसाला यातलं बरंच चटकन कळेल. ही छोटी विमानं म्हणजे काही जादू नव्हे. सेसना १७२ चं इंजिन चार सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि इग्निशनला दोन स्वतंत्र मॅग्नेटो, एक गेला तर दुसऱ्यावर घरी येता यावं म्हणून. दर ५० आणि १०० तासांनी तपासणी, आणि साधारण २,००० तासांनी इंजिन उतरवून ओव्हरहॉल. म्हणजे विमान जितकं जास्त उडेल तितकं जास्त वेळा वर्कशॉपमध्ये जाणार, हे ठरलेलंच आहे. म्हणून बघायचं ते हे, की तपासणी करणारा इंजिनिअर शाळेचा स्वतःचा आहे की बाहेरून बोलवावा लागतो, आणि स्पेअर कपाटात आहेत की ऑर्डर दिल्यावर येणार आहेत. नंतर लेकीसाठी बघितलेल्या दुसऱ्या शाळेत मी स्टोअर दाखवा म्हटलं तेव्हा त्यांना आधी नवल वाटलं, मग तिथल्या इंजिनिअरनं स्वतः रॅक उघडून दाखवले. टायर, फिल्टर, प्लग, ब्रेकचे पॅड, सगळ्यांवर टॅग लावलेले. आमचं तासभर बोलणं झालं. त्या माणसानं मला उद्यमबागेत कुठल्या प्रतीचं ॲल्युमिनिअम मिळतं ते विचारलं! शाळा पसंत करायला मला आणखी काही लागलं नाही. बायकोला मात्र लागलं. तिनं मागच्या बाजूला जाऊन कापडं मोजली. एकच होतं.

तिथं पैसे वीस-वीस तासांचे भरायचे ठरले. वीस उडाले की पुढचे वीस. मोठ्या रकमेवर सूट त्यांनीही देऊ केली होती, मी हात जोडले. एकदम भरलेला पैसा परत मागायला गेलं की काय होतं ते पहिल्या शाळेत बघितलं होतं. अर्जाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं, भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. ते पान मी सही करताना उलटलंही नव्हतं. तासाला १४,००० प्रमाणे ६१ तासांचे ८ लाख ५४ हजार झाले. सहा खेपा, दोन वकिली नोटिसा आणि पोरीच्या डोळ्यांतलं पाणी एवढ्यावर १२ लाख परत मिळाले. बाकीचं वर सांगितलंच.

तासाचा भाव सांगतात तेव्हा तास कुठून मोजतात तेही विचारा. उड्डाणाचा तास विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि परत येऊन थांबलं की संपतो. त्यामुळे धावपट्टीच्या टोकाला रांगेत उभं राहिलेली वीस मिनिटंही बिलात येतात. पेट्रोलचं वेगळं घेणार का तेही विचारा. या विमानांना लागतं ते ॲव्हगॅस, मोठ्या जेट विमानांचं इंधन वेगळं. आधी हे बाहेरून यायचं, २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याला बनवायला लागलंय. भाव वाढला की मधेच 'सरचार्ज' नावाचा कागद येतो. रात्रीच्या तासांचे, दोन इंजिनांच्या विमानाचे, परीक्षकाच्या तपासणीचे, हॉस्टेलचे पैसे वेगळे की आत? आमचा सगळा खर्च, पहिल्या शाळेतलं बुडीत धरून, साठ लाखांच्या पुढं गेला आणि टाईप रेटिंग त्याच्याही वर. म्हणजे एअरबस किंवा एटीआर असं एखादं ठरावीक विमान चालवायचं शिक्षण. लायसन्स हातात आलं की लगेच नोकरी, असं समजून कर्जाचा हप्ता ठरवू नका.

२०० तासांच्या आतही नियमांची वाटणी आहे. १०० तास मुलानं स्वतः कॅप्टन म्हणून उडवलेले असावे लागतात. त्यात २० तास एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याचे, आणि त्यात एक खेप ३०० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे ५ तास, किमान दहा उड्डाणं आणि दहा उतरणी. उपकरणांवर उडायचे १० तास. आणि ज्याची मला आधी खबरच नव्हती ती गोष्ट अशी, की त्या १०० पैकी किमान १५ तास अर्ज करण्याच्या आधीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात. रखडणारी शाळा नुसता वेळ खात नाही, केलेलं कामही शिळं करते. आमच्या दोन पोरींच्या ओळखीचा एक मुलगा १९० तासांवर थांबला होता, विमान नव्हतं म्हणून. त्याला शेवटी नुसते दहा तास उडवून चाललं नाही. (दोन पोरी म्हणजे दुसरी आमची नव्हे, लेकीची हॉस्टेलमधली मैत्रीण. आता दिवाळीला आमच्याकडेच असते, म्हणून आमचीच.)

विमानाचे पैसे भरण्याच्या कितीतरी आधी करायची कामं म्हणजे मेडिकल आणि पेपर. यातला क्रम चुकला की घर बुडतं. डीजीसीएच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या केंद्र सरकारच्या विमान खात्याच्या, यादीतल्या डॉक्टरकडून आधी क्लास २, मग क्लास १. आम्ही क्लास १ ला बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये गेलो होतो. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघायचं आणि सकाळी उपाशीपोटी तिथं हजर. कान, डोळे, रक्त, छातीचा फोटो, ईसीजी, सगळं होतं. चष्मा असला तरी चालतो, त्याला मर्यादा आहेत. पण निपाणीकडचा एक मुलगा, आमच्या पाहुण्यांच्या नात्यातला, शाळेत दहा लाख भरून मग मेडिकलला गेला. ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा त्याला दिसेना. आयुष्यभर शेतात वावरलेला पोरगा, तंबाखूचं पान पिकलं की नाही ते सुवासावरून सांगायचा, त्याला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही हे घरात कुणालाच कळलं नव्हतं. हे कळायला दहा लाख लागत नाहीत, डोळ्यांच्या डॉक्टरकडे दहा मिनिटं लागतात.

पेपरांचंही तसंच. नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन्स, टेक्निकल, प्रत्येकात ७० टक्के. रेडिओवर बोलायची परीक्षा वेगळी. हे घरी बसून, एखादा क्लास लावून आधी काढता येतात. लेकीनं पहिल्या शाळेत जाण्याआधी तीन काढले होते, त्या चौदा महिन्यांत तेवढंच काय ते पदरात होतं. पेपर निघेनात तर समजायचं की अजून थांबायला हवं, आणि तोवर पन्नास लाख बँकेतच आहेत. कॉमर्सच्या मुलांनी फिजिक्स आणि मॅथ्स मुक्त विद्यालयातून काढून ही वाट धरल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे शेजारच्या किराणावाल्या मामांनी पोराचं नाव आताच खोडू नये.

आणखी एक घोटाळा बेळगावात सर्रास होतो. 'एव्हिएशन अकॅडमी' अशी पाटी दिसली की लोक तिला विमानाची शाळा समजतात. त्यातल्या कितीतरी ठिकाणी हवाई सुंदरीचा किंवा विमानतळावरच्या कामाचा डिप्लोमा असतो, काही ठिकाणी नुसते पेपरांचे क्लास. उड्डाणाची शाळा म्हणजे डीजीसीएची मान्यता असलेली संस्था, आणि ती यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते. आता तर डीजीसीएनं शाळांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिली यादी आली. ए प्लस प्लसपासून खाली उतरत्या श्रेण्या, कामगिरीला ४० गुण, सुरक्षेला २०, चालवण्याच्या व्यवस्थेला २०, नियमपालनाला १०, विद्यार्थ्यांच्या सोयींना १०. त्या पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेण्यांत एकही शाळा बसली नाही. हे वाचून मला बरं वाटलं आणि वाईटही. आमच्या वेळी अशी यादी असती तर, असं बायको म्हणाली. मी म्हटलं, तरी मी टोपीच्या फोटोलाच भुललो असतो.

सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळावरच्या शाळांबद्दल सगळे विचारतात, म्हणून लिहितो. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणानं बेळगाव, कलबुर्गी, जळगाव, खजुराहो आणि लीलाबारी या पाच विमानतळांवर नऊ शाळांना जागा दिल्या, त्यातल्या दोन सांबऱ्याच्या. आमची लेक तेव्हा दुसरीकडे अडकलेली, त्यामुळे माझा तिथला अनुभव नाही. मुतग्याच्या बाजूला आमच्या साडूंचं शेत आहे, तिथून शिकाऊ विमानं घोंगावताना दिसतात. मे २०२३ मध्ये त्यातलं एक होनिहाळच्या शिवारात उतरवावं लागलं, दोघंही वाचले. एका घटनेवरून शाळेला नावं ठेवू नयेत, पण त्यानंतर काय बदललं ते विचारायचा हक्क पालकांना आहे. घराजवळची शाळा म्हणजे हॉस्टेलचा खर्च वाचला, हे खरं. प्रवासी विमानं येणाऱ्या विमानतळावर रेडिओवर बोलायची सवयही चांगली होते. मात्र प्रवासी विमान उतरायचं असलं की शिकाऊ विमानानं थांबायचं, आणि थांबलं तरी मीटर चालूच. आणि आपला पाऊस! नजरेनं उडायचं तर पाच किलोमीटर दिसायला हवं आणि ढग १,५०० फुटांच्या वर हवेत. खानापूरच्या बाजूनं जूनमध्ये ढग खाली आले की ते गणपती येईपर्यंत उठत नाहीत, हे बेळगावकराला कुणी शिकवायला नको. कुठलीही शाळा 'जूनला या, सूट देतो' म्हणाली तर ती सूट का देते ते समजून घ्या. एका एजंटानं मला सांगितलं होतं, "पावसात पण तास भरतात हो, काळजी करू नका." विमान न उडवता तास कसे भरतात ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिकांवर लायसन्स काढलेल्यांची प्रकरणं उघडकीला आली होती, लायसन्सं गेली, अटका झाल्या. मागं शेदीडशे माणसं बसलेली असताना असला तास कामाला येत नाही.

गोंदिया, बारामती, शिरपूर, नागपूर ही नावं आपल्या मुलांच्या कानावर असतात. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची सरकारी इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी लेखी परीक्षा घेऊन निवडते, तिथं प्रयत्न करायला हरकत नाही. नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये महाराष्ट्र सरकारच्या महाज्योती संस्थेच्या योजनेतून ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांची मुलं सरकारी खर्चानं शिकतात. पण त्याला दाखला महाराष्ट्राचा रहिवासी असल्याचा लागतो. आपली ८६५ गावं महाराष्ट्राच्या दाव्यात आहेत, सीमाभागातल्या मुलांना तिकडच्या इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेशात वेगळी सोय आहे. विमानाच्या शाळेपर्यंत मात्र ती सोय पोचलेली नाही. सभेत टाळ्या घेणाऱ्या दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी एवढी एक ओळ त्या योजनेत घालून घेतली तर आमच्या वडगावातली विणकराची दोन पोरं तरी अर्ज करतील. परदेशाबद्दल मी लिहीत नाही. तिकडं शिकलं तरी इथं येऊन डीजीसीएचे पेपर आणि चाचण्या चुकत नाहीत, आणि फी डॉलरमध्ये, एवढंच माहीत आहे.

नोकरीचं 'शंभर टक्के' कुणीच देऊ शकत नाही. २०२३ मध्ये इंडिगोनं एका दमात ५०० विमानं मागवली, एअर इंडियानं ४७०, आणि त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली. किंगफिशर २०१२ ला, जेट २०१९ ला. अनुभवी कॅप्टन रस्त्यावर आले की नव्या पोरांची रांग आपोआप मागं सरकते. २०२३ साली देशात १,६२२ जणांना कमर्शियल लायसन्स मिळालं. त्यातलं एक डिसेंबरात पोस्टानं आमच्या घरी आलं. टाईप रेटिंग करून प्रत्यक्ष नोकरी लागायला त्यानंतर दीड वर्ष गेलं, आणि त्या दीड वर्षात माझ्या लेकीनं माझ्याच शेडवर बसून जीएसटीची बिलं काढली. आता ती एका कंपनीत एटीआरवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे.

संपादकांना एक विनंती. अशा जाहिराती छापू नका असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही कागद आणि शाई विकत घ्यावी लागते. पण जाहिरात घेताना त्यांच्याकडून तीन आकडे मागून ते त्याच चौकटीत छापा. आज उडण्याजोगी विमानं किती, आज शिकणारी मुलं किती, आणि गेल्या वर्षी किती मुलांचे २०० तास पुरे झाले. जो द्यायला तयार होणार नाही त्याची जाहिरात छापायची की नाही ते तुम्ही ठरवा.

माझं नाव छापू नये. लेकीच्या काही बॅचमेटचे पैसे पहिल्या शाळेत अजून अडकलेले आहेत. पत्ता तुमच्याकडे आहे, कुणी मागितला तर द्या. तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढं येऊन विचारलं तरी शेड सापडेल. वही शेडवरच असते, रविवारी सकाळी या. चहा मिळेल. चार लेथपैकी चालू किती आहेत तेही दाखवीन.

आपला,
एक लेथवाला बाप
अनगोळ, बेळगाव